भातखाचरातील शैवाल आणि नत्राचा हिशेब

सूक्ष्मशैवाल म्हणजे पाण्यात किंवा ओलसर मातीत राहणारे, सूर्यप्रकाशाच्या आधारे स्वतःचे अन्न तयार करणारे आणि एकेकटे पाहायचे झाल्यास सूक्ष्मदर्शकच लागतो असे जीव. त्यांचा विषय निघाला की चर्चा लगेच हिरव्या गोळ्यांकडे आणि उद्याच्या अन्नाकडे वळते. भारतीय शेतीच्या दृष्टीने मात्र त्यांचे अधिक मोलाचे काम भाताच्या खाचरात चालते.

अन्न म्हणून त्यांचा वापर नवा नाही. आफ्रिकेतील चाड सरोवराच्या परिसरात कानेम्बू स्त्रिया क्षारयुक्त डबक्यांतील स्पिरुलिना गाळून वाळूवर वाळवतात आणि तिच्या वड्या कालवणात घालतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या क्षारयुक्त पाण्यातही स्पिरुलिनाची नोंद झालेली आहे. तिच्या कोरड्या वजनात सुमारे ६० टक्के प्रथिने असतात, हे खरेच. तथापि रोजच्या दोन-तीन ग्रॅम गोळ्यांतून जेमतेम एक-दोन ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे पेलाभर दुधापेक्षाही कितीतरी कमी, ही बाब जाहिरातींत सहसा येत नाही. तिच्यातील ब-१२ जीवनसत्त्वही बहुतांशी मानवी शरीराला निरुपयोगी अशा रूपात असते.

खाचराची गोष्ट वेगळी आहे. पुरेसे खत न घालताही भातजमिनीचा कस वर्षानुवर्षे कसा टिकतो, या प्रश्नाच्या संदर्भात पी. के. डे यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याचे श्रेय नील-हरित शैवालांना दिले. काटेकोर वर्गीकरणात हे जीवाणू ठरतात. शेतीच्या व्यवहारात मात्र त्यांना शैवालच म्हटले जाते. हवेत नत्र मुबलक असले तरी त्याच्या रेणूतील दोन अणूंचा बंध इतका बळकट असतो की पिकाला ते थेट घेता येत नाही; तो बंध तोडणारे नायट्रोजिनेज नावाचे विकर या जीवांकडे असते. अडचण अशी की हे विकर प्राणवायूमुळे निकामी होते आणि प्रकाशसंश्लेषणात तर प्राणवायूच बाहेर पडतो. अ‍ॅनाबिना, नॉस्टॉक यांसारख्या शैवालांत हा पेच श्रमविभागणीने सुटलेला दिसतो : त्यांच्या तंतूंत अधूनमधून जाड भित्तीच्या पेशी असतात, त्या स्वतः प्राणवायू निर्माण करत नाहीत, बाहेरचा फारसा आत येऊ देत नाहीत, आणि शेजारच्या पेशींकडून शर्करा घेऊन त्यांना स्थिर केलेले नत्र पुरवतात.

बनारस हिंदू विद्यापीठातील आर. एन. सिंग यांनी १९५० च्या सुमारास या शैवालांचा उपयोग उत्तर प्रदेशातील ऊसर, म्हणजे खारवट व नापीक, जमिनी सुधारण्यासाठी करून दाखवला. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शेतकऱ्याला स्वतःच्या आवारात करता येईल अशी उत्पादनपद्धती रूढ केली. उथळ खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून माती, थोडे सुपर फॉस्फेट आणि पाणी घालायचे, त्यावर विरजण सोडायचे, भरपूर ऊन मिळू द्यायचे आणि पाणी आटल्यावर उरलेल्या पापड्या गोळा करायच्या. लावणीनंतर आठवडाभराने हेक्टरी सुमारे १० किलो पापड्यांचा चुरा साचलेल्या पाण्यावर फेकतात. यातून हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळू शकते, असे सामान्यतः मानले जाते. युरियाच्या भाषेत हे ४५ किलोंचे एक ते दीड पोते झाले. अर्थात हे नत्र एकदम हाती येत नाही, कारण त्याचा मोठा भाग शैवाल मरून कुजल्यावरच मोकळा होतो आणि काही वाटा पुढच्या पिकाच्या वाट्याला जातो.

मात्र शैवालाच्याही अटी आहेत. स्फुरद कमी पडले की ते वाढत नाही, पाण्यातील किडे आणि गोगलगायी ते खाऊन टाकतात, आणि आम्ल जमीन त्याला मानवत नाही, त्यामुळे कोकणातील जांभ्याच्या आम्ल खाचरांत आधी चुन्याचा विचार करावा लागतो. सर्वांत मोठा विरोधाभास नत्रखताचाच आहे, कारण पाण्यात तयार नत्र भरपूर असेल तर शैवाल हवेतील नत्र स्थिर करण्याचे कष्टाचे काम थांबवते. त्यामुळे युरियाची पूर्ण मात्रा देऊन वर शैवालही टाकण्यात फारसे हशील नाही. मात्रा घटवली तरच त्याचा उपयोग होतो. अनुदानामुळे युरिया स्वस्त मिळत असताना आणि तो टाकताच पीक हिरवेगार दिसत असताना, त्यात कपात करण्याचा धोका शेतकऱ्याने एकट्याने पत्करावा, ही अपेक्षा रास्त नाही, आणि हे तंत्र प्रयोगशाळेत सिद्ध होऊनही खाचरांत फारसे न पसरण्यामागे हे एक ठळक कारण दिसते.