छापील आकड्याची साक्ष

प्रोग्राम बिघडला की पहिली धाव प्रिंटकडे. जिथे संशय आहे त्या ओळीखाली एक प्रिंट टाकायचं आणि आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं. तपासाची कितीही नवी साधनं आली तरी ही सवय सुटत नाही. पण दोष प्रिंटमध्येच असला तर? ज्याच्या साक्षीवर बाकी सगळ्यांना पारखायचं, त्याला कोणाच्या साक्षीवर पारखणार?

पायथन २ मध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ इतकी आहे का, असं विचारलं की उत्तर यायचं, नाही. दोन्ही बाजू प्रिंट केल्या की पडद्यावर ०.३ आणि ०.३. माणूस अटी तपासतो, लूप तपासतो, स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो. प्रिंटवर मात्र घेत नाही. तीच बेरीज प्रिंटशिवाय, नुसती प्रॉम्प्टवर टाइप केली की खरं बाहेर यायचं : ०.३०००००००००००००००४. प्रिंट बारा सार्थ अंकांपर्यंतच छापत होतं आणि फरक होता सतराव्या अंकात. उलट साधं ०.१ टाइप केलं तर २.६ पर्यंतच्या आवृत्त्या ०.१०००००००००००००००१ दाखवायच्या. एक खिडकी गरजेपेक्षा कमी दाखवणारी, दुसरी जास्त.

याचं मूळ आपल्या जुन्या पाढ्यांच्या भाषेत चटकन कळतं. पावकी, निमकी, पाउणकी हे संगणकाचे लाडके पाढे, कारण तो अपूर्णांक निम्मे-निम्मे करतच साठवतो. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे होते तोवरचा हिशेब त्याला तंतोतंत जमला असता. (पै मात्र नाही, रुपयाच्या १९२ पै होत, आणि त्या १९२ मध्ये तीन लपलेला आहे.) १ एप्रिल १९५७ ला शंभर नवे पैसे आले. त्यातले पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर सोडले तर एकही रक्कम रुपयाच्या अपूर्णांकात बायनरीत पूर्ण मावत नाही. दशांशात एक तृतीयांश लिहिताना तीनच्या मागे तीन संपत नाहीत, तसंच बायनरीत ०.१ चं होतं. त्रेपन्न बिटांवर ते तोडावं लागतं.

म्हणून छापणाऱ्या फंक्शनचं काम नक्कल करण्याचं नाही, दुभाष्याचं आहे. दुभाष्याची कसोटी अशी : छापलेला आकडा परत वाचला की तीच साठवलेली संख्या मिळाली पाहिजे, आणि अंक लागतील त्याहून एकही जास्त नको. संगणकशास्त्रज्ञ गाय स्टील आणि जॉन एल. व्हाइट यांनी यावरचा आपला निबंध १९९० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डेव्हिड गे यांनी हे काम वेगानं करायची रीत दाखवली, आणि पायथन ३.१ व २.७ यांनी पुढे गे यांचाच कोड घेतला. ३.२ पासून दोन्ही खिडक्या एकच आकडा दाखवू लागल्या.

तरी एक खाच फार फसवी आहे. १ चे चव्वेचाळीस वेळा निम्मे करा. खरी किंमत ५.६८४३४१८८६०८०८०१४८६… गुणिले दहाचा उणे चौदावा घात. सोळा अंकांत लिहायची तर शाळेतल्या नियमानं शेवट ८०१ वर करावा लागेल. ८०२ थोडं दूर पडतं. पण ८०१ लिहून परत वाचलं की शेजारची, खालची संख्या हाती येते, आणि दूरचं ८०२ मात्र बिनचूक मूळ जागी पोचतं! कारण दोनच्या प्रत्येक घातापाशी संख्यांच्या रांगेतलं अंतर बदलतं. खालच्या बाजूला शेजारी जवळ असतो, वरच्या बाजूला दुप्पट लांब. रांग सगळीकडे सारख्या अंतराची आहे असं धरून लिहिलेला कोड लाखो आकडे बरोबर छापतो आणि नेमका इथे चुकतो. मला हा बग सुंदर वाटतो, कारण यात कोणी आळस केलेला नसतो. शाळेत शिकलेला नियम इमानानं पाळला म्हणूनच चूक होते.

जावामध्ये तर कधीकधी गरजेपेक्षा एक अंक जास्त छापणारा दोष दोन दशकं नोंदीवर होता. २०२२ च्या जेडीके १९ या आवृत्तीत तो गेला. गाय स्टील स्वतः जावाच्या भाषा-विनिर्देशाचे सहलेखक, यावरून हे काम किती चिवट आहे ते कळतं. जादा अंक परत वाचला की तीच संख्या येते, म्हणून कोणाचंच काही अडत नव्हतं.

असा दोष शोधायचा कसा? बत्तीस बिटांच्या संख्या सुमारे ४२९ कोटी. त्या सगळ्या एकेक छापून, परत वाचून, ताडून पाहता येतात. साधा संगणकही ते करतो. चौसष्ट बिटांच्या मात्र आयुष्यभरात संपायच्या नाहीत. तिथे गणिती सिद्धता हवी, आणि सोबत संशयितांची यादी : दोनचे सगळे घात, सर्वांत लहान संख्या, सर्वांत मोठी, आणि या प्रत्येकीचे दोन्ही बाजूंचे शेजारी.