४८ मिनिटांचा तास

सकाळचे सव्वासात. मार्च संपत आलाय आणि सोलापूरचं ऊन आतापासूनच खिडकीच्या गजांवर बसलंय. सरांनी मान वर न करता मला खुर्ची दाखवलीय. म्हणजे अजून तास सुरू आहे, बोलायचं नाही.

टेबलावर मेणकापड, त्यावर परीक्षेचं पॅड, पॅडला फुलस्केप कागद. शेजारी छोटं घड्याळ, ४८ मिनिटांवर लावलेलं. महाविद्यालयातला तास ४८ मिनिटांचा. तीन दशकांहून जास्त काळ सरांनी त्या मापात अर्थशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर तेच माप कादंबरीला लावलं. सकाळी दोन तास लिहायचं, मधला तास मोकळा, मग एक तास कालचं तपासायचं. मनात काही येवो न येवो, तासाला हजर राहायचं. आम्हा विद्यार्थ्यांनाही त्यांनी कधी वर्गात उशिरा येऊ दिलं नाही.

आतून खलबत्त्याचा आवाज येतोय. काकू शेंगाचटणी कुटतायत.

कादंबरी बहात्तरच्या दुष्काळाची आहे. सरांनी आयुष्यभर शिकवलेला विषयही तोच. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झालेला तिचा प्रयोग, १९७७ चा रोजगार हमी कायदा, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासूनची त्याची अंमलबजावणी, हे सगळं ते कागद न बघता सांगत. योजनेच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, हे शिकवताना ते स्वतःची पगारपावती वर्गात फिरवायचे आणि त्या कपातीवर बोट ठेवायला लावायचे. समोरच्या कपाटात दांडेकर-रथ यांचं १९७१ सालचं दारिद्र्यावरचं पुस्तक अजून आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. पण त्या कपाटाकडे त्यांनी पाठ करून खुर्ची मांडलीय.

घड्याळ वाजतं. सर अर्ध्या वाक्यावर पेन ठेवतात.

"बस. चहा घेणारेस ना?" म्हणत ते लिहिलेला कागद माझ्याकडे सरकवतात. माझी नजर मजकुराआधी समासाकडे जाते. तिथे शिसपेनीनं बारीक अक्षरं आहेत. 'पु' म्हणजे पुस्तकातून आलेलं वाक्य, 'ऐ' म्हणजे कुणाकडून ऐकलेलं, 'आ' म्हणजे स्वतःला आठवलेलं. आणि जिथे नुसतं रिकामं वर्तुळ, ते वाक्य सरांनी स्वतः रचलेलं. जुन्या गठ्ठ्यातली पहिली प्रकरणं मी चाळतो. 'पु', 'पु', 'पु'. आजच्या पानावर चार वर्तुळं आहेत.

"वर्तुळ काढताना अजून हात अडखळतो," सर म्हणतात. "आधाराशिवाय वाक्य लिहायचं नाही, हे इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं."

पान पगाराच्या दिवसाचं आहे. पाझर तलावाचं काम, बाभळीला टांगलेल्या झोळ्या, पाट्या पालथ्या घालून रांगेत बसलेल्या बाया. टेबलामागे हजेरी कारकून आणि त्याच्याजवळ शाईचा पॅड धरून उभा असलेला बारा वर्षांचा मुलगा. त्या वाक्यापुढे 'आ' आहे.

सरांचे वडील हजेरी कारकून होते, हे मला आज, या पानावरून कळतंय. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, हा आकडा त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतला होता. त्यातल्या कित्येकींचे अंगठे पॅडवर टेकताना त्यांनी जवळून पाहिले होते, ते मात्र कधी बोलले नाहीत.

"अंगठा उठायचाच नाही रे," ते स्वतःचा अंगठा मेणकापडावर दाबतात. "खडी फोडून रेषा झिजलेल्या. नुसता काळा डाग पडायचा. वडील म्हणायचे, पुन्हा लाव. ती बाई पदराला अंगठा पुसून पुन्हा लावायची. पुन्हा डागच."

हे वाक्य कुठल्याही अहवालात मिळणार नाही. सर अभ्यासक राहिले असते तर ते त्यांच्यासोबतच गेलं असतं. म्हणून मला या घरात चाललेलं काम मोठं वाटतं.

काकू चहा ठेवतात आणि उभ्या उभ्याच पानावर नजर टाकतात. त्या सांगोल्याकडच्या. "अहो, ही बाई पैसे मोजून मनात हिशेब करते म्हणता. रांगेतच? तिचं ध्यान झोळीकडे असेल. पोर उठलं का बघेल ती आधी." सर काही बोलत नाहीत. समासात फुली मारतात.

मोकळ्या तासाला शेजारच्या घरातून मावशी येतात. नातीकडे राहायला आल्यात, गाव मंगळवेढ्याकडचं. त्या वर्षी नुकतं लग्न झालेलं होतं आणि सासूबरोबर त्या खडीवर जात. सर उठून त्यांना खुर्ची देतात. त्या जमिनीवरच बसतात. मग सरही वही घेऊन खाली बसतात.

"हात लई दुखत असतील?" सर विचारतात.

"हात रातच्याला. दिसा डोळं दुखायचं, मास्तर. कपच्या उडायच्या." मावशी डावी मूठ जमिनीवर अर्धी उघडी टेकवतात, उजवा हात कोपरापासून नव्हे, मनगटातून हलवतात. "असं. कोपरातनं मारलं तर दुपारपातूर बाई खलास. बोटाला चिंध्या बांधायच्या."

सर तीच मूठ करून बघतात. मावशी त्यांचं मनगट धरून सरळ करतात. सर पुन्हा करतात. वहीत आकृती काढतात, बाजूला 'ऐ' लिहितात.

बोलणं खाण्यावर जातं. कामावर मिळणाऱ्या सुकडीचं नाव निघताच मावशींचा चेहरा उजळतो. सासू आपल्या वाटची सुकडी हिच्या पदरात टाकायची. मिलोबद्दल विचारल्यावर मात्र हात झटकतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली पांढरीशुभ्र ज्वारी खाल्लेली माणसं ती. अमेरिकेतून आलेल्या त्या तांबड्या ज्वारीची भाकरी थापता थापता चिरायची, असं त्या सांगतात. भुकेपेक्षा त्या भाकरीचा रंगच त्यांच्या डोळ्यांपुढे जास्त ताजा आहे.

मावशी गेल्यावर सर आधीच्या प्रकरणातलं एक पान काढतात. त्यावर ५० लाखांचा तो आकडा आहे, आयोगाच्या अहवालात शोभावा अशा परिच्छेदात. ते वाचतात आणि पूर्ण परिच्छेदावर तिरकी रेघ ओढतात. मला राहवत नाही. "सर, आकडा जाऊ देऊ नका. तुमच्याइतका तो कुणाला ठाऊक आहे?"

"जात नाही. कारकुनाला देतो. रात्री कंदिलापाशी हजेरीपटाची बेरीज करताना त्याच्या हातात तालुक्याहून आलेलं वर्तमानपत्र असेल. त्याला कळू दे, आपल्यासारखे किती पट किती गावांत उघडे आहेत ते." बोलता बोलता ते समासात वर्तुळ काढतात. या वेळी हात अडखळत नाही.

घड्याळ पुन्हा ४८ वर जातं. मी उठतो तेव्हा सर पेनाचं टोपण काढत विचारतात, "तुझी आई बार्शीकडची ना? मिलो घरी जात्यावर दळायचे की गिरणीत न्यायचे, विचार तिला. आणि नुसतं 'दळायचे' नको. पीठ हाताला कसं लागायचं, तेही विचार. सोमवारपर्यंत हवंय."

मी अंगणात येऊन तिथूनच आईला फोन लावतो.