विश्लेषण : काम सुटले की घरही सुटायचे! इंग्लंडमधील शेतमजुरांच्या घरांचा प्रश्न काय होता?

पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना चांगली घरे देण्याचे आश्वासन ब्रिटिश सरकारने १९१८ मध्ये दिले. पुढच्या वीस वर्षांत शहरांलगत मोठ्या सरकारी वसाहती उभ्या राहिल्या. खेड्यांतील शेतमजुरांना मात्र अशी घरे क्वचितच मिळाली. कायदे होते, अनुदानही होते. मग अडले कुठे?

'टाइड कॉटेज' म्हणजे काय?

अनेक शेतमजूर मालकाने कामाबरोबर दिलेल्या घरात राहत. त्याला 'टाइड कॉटेज', म्हणजे नोकरीशी बांधलेले घर म्हणत. भाडे अगदी कमी, आठवड्याच्या मजुरीतून साधारण ३ शिलिंग कापले जात. पण काम सुटले की घरही सोडावे लागे. त्यामुळे मजुरी वाढवून मागताना किंवा संघटनेत जाताना कुटुंब उघड्यावर येण्याची भीती असे. १९२३ मध्ये नॉरफोकमध्ये मजुरीकपातीविरोधात संप झाला, तेव्हाही ही टांगती तलवार होतीच.

सरकारने काय केले?

१९१९ च्या ॲडिसन कायद्याने घरे बांधण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. उद्दिष्ट ५ लाख घरांचे होते. पण १९२१ मध्ये खर्चाला कात्री लागली. १९२४ च्या व्हीटली कायद्याने प्रत्येक घरामागे ४० वर्षे दरसाल ९ पौंड अनुदान ठरवले. शेतीप्रधान गावांसाठी ही रक्कम साडेबारा पौंड होती.

तरीही घरे का परवडेनात?

खेड्यांत हे काम 'रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिल'कडे होते. यांपैकी अनेक कौन्सिलांचे उत्पन्न तुटपुंजे होते आणि त्यांत शेतमालकांचा वरचष्मा असे. अनुदान मिळूनही नव्या घराचे भाडे ३ शिलिंगांपेक्षा बरेच जास्त होई. आठवड्याला सुमारे ३० शिलिंग कमावणाऱ्या मजुराला ते झेपत नसे. परिणामी नवी घरे अनेकदा जास्त कमाईच्या कुटुंबांकडे गेली.

१९२६ च्या कायद्याने काय बदलले?

त्या वर्षी जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी खर्चाच्या दोन तृतीयांश, पण कमाल १०० पौंड अनुदान देण्याची सोय झाली. मर्यादित भाड्यात २० वर्षे शेतमजुराला किंवा तेवढ्याच ऐपतीच्या भाडेकरूला घर देण्याची अट होती. मात्र पैसा घरमालकाला मिळे. छप्पर दुरुस्त झाले, ओल गेली, तरी मजुराला घराबाहेर काढण्याचा अधिकार मालकाकडेच राहिला. शिवाय अनेक कौन्सिलांनी योजना फारशी राबवलीच नाही.

मजुरांना संरक्षण कधी मिळाले?

त्यासाठी १९७६ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने काम सुटल्यावरही बहुतेक शेतमजुरांचे राहते घर सुरक्षित झाले. मालकाला ते नव्या मजुरासाठी खरोखरच हवे असेल, तर जुन्या मजुराला पर्यायी घर देण्यासाठी प्रयत्न करणे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरले.