जखमेमागची गोष्ट

माले गावच्या शिवारात भाताचे रोप पिवळे पडले, तर शेतकरी काय करतो? पान पाहतो. मूळ उपटून पाहतो. खाचरात पाणी किती, तेही पाहतो. नुसते पान बघून रोग कळत नाही. घरातल्या मारहाणीचेही तसेच आहे.

बाई दवाखान्यात येते. हात मोडलेला. “पाय घसरून पडले,” म्हणते. डॉक्टर हाड बसवतात. बाई घरी जाते. काही दिवसांनी नवी जखम घेऊन परत येते. हाड बसले, पण मार थांबला नाही. कारण, कोणी मारले का, हे तिला कोणी विचारलेच नाही!

यावर मुंबईत एक वाट निघाली. 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ते काढले. जखम आणि सांगितलेली हकिकत जुळते का, हे पाहायला तिथे डॉक्टर व नर्सबाई शिकल्या. शंका आली, की बाईला एकटीला घेऊन मायेने विचारायचे. मग समुपदेशक, म्हणजे धीर देऊन मार्ग सुचवणारी बाई, तिचे ऐकून घेते. कायद्याची मदतही मिळवून देतात.

मोजणी करणारेही हवेत. 2019 ते 2021 मध्ये सरकारने देशभर कुटुंबांची आरोग्य पाहणी केली. मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांतात विचारले. महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चार बायकांत एकीने नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसली होती. देशात असा त्रास सोसणाऱ्या शंभरांत सुमारे 14 जणींनीच मदत मागितली होती.

बाकीच्या गप्प का? हे समाजाचा अभ्यास करणारे सांगतात. हाती पैसा नाही. माहेरचा आधार नाही. लोक काय म्हणतील, ही भीती. दारूने मार वाढतो हे खरे; पण न पिणाराही मारतो. म्हणून नुसती दारू सुटून भागत नाही.

घरातल्या हिंसेविरुद्ध 2005 साली कायदा झाला. तो 2006 पासून लागू आहे. बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही. संरक्षण अधिकारी तिचा अर्ज न्यायालयात पोचवतात.

आम्ही एवढेच सांगतो. शेजारच्या घरातून ओरडा ऐकू आला, तर “त्यांच्या घरचे भांडण” म्हणून दार लावू नका. त्या बाईला 181 हा फोन नंबर सांगा. तो महिलांच्या मदतीसाठीच आहे.