पाच हजार नट कोण मोजतं?

एम-८ चा साधा षटकोनी नट साधारण ५.२ ग्रॅमचा. पाच हजारांची ऑर्डर म्हणजे २६ किलोंचा ढीग. तो हातानं मोजायला बसलं तर अख्खी सकाळ जाते, आणि मधेच कुणी चहाला हाक मारली की आकडा गेलाच. म्हणून भोसरी असो, चाकण असो की कोल्हापूरजवळची शिरोली, नटबोल्ट हाताळणाऱ्या युनिटच्या पॅकिंग टेबलावर नग मोजायचा काटा हमखास असतो. दिसायला वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यासारखाच, फक्त आकड्यांच्या खिडक्या तीन. एकीत एकूण वजन, दुसरीत एका नगाचं वजन म्हणजे ‘पीस वेट’, तिसरीत नगसंख्या.

तिसऱ्या खिडकीवर सगळ्यांची भिस्त. चलन तिच्यावरून, बिल तिच्यावरून, शॉर्टेजची भांडणंही तिच्यावरूनच. पण हा काटा एकही नट मोजत नाही. एकूण वजनाला एका नगाच्या वजनानं भागतो आणि उत्तर दाखवतो, एवढंच. मोजणारं माणूसच असतं, तेही सुरुवातीच्या मूठभर नगांपुरतं. या कामातलं कसब सगळं त्या मुठीत आहे.

भोसरीच्या एका लहानशा युनिटमध्ये पॅकिंगला बसणाऱ्या ताईंचं काम मी शेजारी स्टूल टाकून पाहिलं. आल्या आल्या त्यांनी काटा चालू केला आणि त्याला हातही न लावता लेबलं चिकटवायला घेतली. गार काट्याचा आकडा सुरुवातीला हळूहळू सरकत राहतो, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. मग काट्याच्या कोपऱ्यातला पाणसळीचा बुडबुडा पाहिला, एक पाय अर्धा आटा फिरवला. डोक्यावरचा पंखा बंद केला. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण वाऱ्याचा झोत ताटलीवर पडला की शेवटचा अंक नाचत राहतो. रिकामा क्रेट ठेवून ‘टेअर’ दाबलं, वजन शून्यावर आलं. दुसरा क्रेट आला तेव्हा पुन्हा टेअर. “सगळे क्रेट सारखेच दिसतात, पण सारखे भरत नाहीत,” असं त्या म्हणाल्या. पुठ्ठ्याचे खोके तर पावसाळ्यात ओल धरून आणखी जड होतात.

मग सॅम्पल. त्यांनी नट टेबलावर ओतले आणि दोन बोटांनी पाच-पाच ओढत वीस ढिगल्या केल्या. वरून एकदा नजर फिरवली. चार आणि पाच यांतला फरक डोळ्याला लगेच कळतो, म्हणून ढीग पाचाचेच. शंभर नट क्रेटमध्ये गेले, आकडा स्थिरावला, त्यांनी १०० टाकून ‘सॅम्पल’चं बटण दाबलं. मधल्या खिडकीत पीस वेट उमटलं. त्यानंतर खोऱ्यानं नट टाकायचे आणि तिसरी खिडकी पाहायची, शेवटचे पाच-सात हातानं.

काट्याला दहा नटांचं सॅम्पलही चालतं. मग शंभर का? हिशेब करून पाहू. सॅम्पलच्या वजनात ०.२ ग्रॅमची चूक झाली असं धरा. दहा नट ५२ ग्रॅमचे. पाच हजारांपर्यंत जाता जाता ती चूक १९ नटांची होते. शंभर नट घेतले तर तीच चूक दोन नटांवर येते. शिवाय कुठलाच नट दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो, आणि जितके जास्त घ्याल तितकी सरासरी खरी. शितावरून भाताची परीक्षा होते, पण इथे एक शीत पुरत नाही. आता दुसरी चूक पाहा. ढिगल्यांत एक नट कमी पडला, ९९ नटांना १०० म्हटलं, तर तिसऱ्या खिडकीत ५,००० दिसेल तेव्हा क्रेटमध्ये ४,९५० असतील. यंत्राची कुठलीही बारीक चूक याच्यापुढे किरकोळ आहे.

काट्याच्या पोटात लोडसेल असतो. बहुतेक वेळा तो ॲल्युमिनियमचा कोरलेला ठोकळा. वजन पडलं की तो डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, आणि त्यावर चिकटवलेल्या धातूच्या बारीक जाळीचा विद्युतरोध बदलतो. तार ताणली की रोध बदलतो हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्ये दाखवलं होतं. चिकटवायची जाळी १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी स्वतंत्रपणे काढली. क्रेट धाडकन आदळू नका असं सुपरवायझर ओरडतो ते या ठोकळ्यासाठी. तो एकदा कायमचा वाकला की काटा कामातून गेला.

एक गंमत मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. सॅम्पल आणि माल एकाच काट्यावर घेतले, तर काटा प्रत्येक किलोमागे सारखाच थोडा जास्त दाखवत असला तरी नगसंख्या बरोबर येते, कारण भागाकारात ती चूक दोन्हीकडून कटते. चंद्रावर नेला तरी नट तेवढेच! पण पीस वेट जुन्या कार्डावरून टाकलं, किंवा सॅम्पल छोट्या काट्यावर घेऊन माल मोठ्या प्लॅटफॉर्मवर चढवला, की ही सवलत संपते. तेव्हा कॅलिब्रेशन चोख हवं.

कार्डावरचं पीस वेट सगळ्यात जास्त फसवतं ते प्लेटिंगच्या मालात. काळे नट जॉबवर्कला जातात, जस्त चढून परत येतात. एम-८ च्या नटावर आठ मायक्रॉनचा थर बसला तर माझ्या हिशेबानं वजन साधारण चार शतांश ग्रॅमनं वाढतं. पाच हजारांवर ते २०० ग्रॅम झालं, म्हणजे जवळपास ३८ नट. काळ्या नटाच्या पीस वेटवर परतीचा माल मोजलात तर प्लेटिंगवाल्यानं दिल्यापेक्षा जास्त नट परत केले असं दिसेल. किंवा, आणि हे जास्त वाईट, तीस-पस्तीस नट खरोखर गहाळ असतील आणि काटा सगळं ठीक म्हणेल. तेलाचंही तसंच. तेलकट नट आणि पुसलेले नट एका पीस वेटवर मोजू नयेत. पातळ वायसर तर तेलानं एकमेकांना असे चिकटतात की सॅम्पलमध्ये दोन गेले तरी बोटांना एकच वाटतो.

नाण्यांनाही हेच लागू. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा, दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे. पण १९९२ पासूनचा जुना स्टीलचा रुपयाही ४.८५ ग्रॅमचाच होता! सरमिसळ पिशवी काट्यावर ठेवून किती रुपये ते कळणार नाही. आधी निवडणं, मग मोजणं.

व्यवहारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन कायदा, २००९ खालच्या नियमांप्रमाणे दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. तो जरूर घ्यावा. पण शिक्का वजनाची हमी देतो, तुमच्या सॅम्पलची नाही. म्हणून छोट्या कारखानदारांना एक विनंती: चलनावर नुसती नगसंख्या लिहू नका. शेजारी पीस वेट लिहा, सॅम्पल किती नगांचं घेतलं ते लिहा, आणि माल काळा की प्लेटिंग केलेला तेही. माल घेणाऱ्यानं स्वतःचं शंभराचं सॅम्पल काढून ते ताडून पाहावं. डेबिट नोट फाडण्याआधी एवढी पाच मिनिटं खर्च करायला हरकत नसावी.