सडपातळपणाचा फसवा भरवसा

मधुमेह हा स्थूल आणि सुखवस्तू माणसांचाच विकार होय, ही समजूत आपल्या समाजात इतकी दृढमूल झालेली आहे की, ज्याची अंगकाठी सडपातळ आहे असा गृहस्थ रक्ततपासणीचा विचारही मनात आणीत नाही. आणि हीच निश्चिंतता आपल्याकडील असंख्य कुटुंबांना महागात पडत आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांचा दाखला दिला. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३; परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात अर्भकांतही हीच ठेवण आढळली: इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजन पुष्कळ कमी, स्नायू क्षीण, चरबी मात्र त्या मानाने राखलेली.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायूंनी शोषून घ्यावयाची असते. ते दुर्बळ असले आणि पोटाच्या आत, यकृताच्या ठायी चरबी साचू लागली, म्हणजे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, स्वादुपिंडास अधिकाधिक राबावे लागते, आणि वर्षानुवर्षांच्या या श्रमाने ते अखेरीस थकते.

तथापि, देहाची ही ठेवण म्हणजे अटळ प्राक्तन नव्हे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीन वर्षांच्या मुदतीत, ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यापैकी शेकडा ५५ जणांना मधुमेह जडला. ज्यांच्या आहारविहाराकडे सातत्याने लक्ष पुरविले गेले त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ वर आले, आणि तेही वजनात म्हणण्यासारखी घट न होता! अर्थात, वजनकाटा स्थिर राहिला म्हणून चालण्याचा नेम मोडण्याचे कारण नाही.

करावयाचे ते साधेच आहे. रोज अर्धा तास झपाझप चालावे, आणि स्नायूंना बळ देणारे श्रम आठवड्यातून दोनदा तरी करावेत. भाताचा ढीग कमी करून ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी व कोशिंबीर यांना जागा द्यावी. दिवसभराच्या चहांतून पोटात जाणाऱ्या साखरेचा हिशेब ठेवावा. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी बहुतांशी निव्वळ पिष्टच असते, हे ध्यानात असू द्यावे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपलीकडे व स्त्रियांची ८० पलीकडे गेल्यास तो इशारा मानावा.

उपाशीपोटीची रक्तशर्करा दर डेसिलिटरला १०० ते १२५ मिलिग्रॅम असणे ही उंबरठ्याची अवस्था होय. तिशी उलटलेल्यांसाठी सरकारी आरोग्यकेंद्रांत तपासणीची तजवीज आहे. ज्यांना आपल्या सडपातळपणाचा भरवसा वाटतो, त्यांनी तिचा लाभ सर्वांआधी घ्यावा, कारण सवयींनी सर्वाधिक साधते ते उंबरठ्याच्या याच अवस्थेत.