एका स्क्रूवर गाडी चालत नाही

जुनी आरएक्स १०० असो, येझ्दी असो की मद्रासची बुलेट, गाडी कुरकुरायला लागली की चौकातल्या गॅरेजपासून गाडीवेड्या मित्रांपर्यंत सगळे एकच निदान ऐकवतात: ‘कार्बोरेटरचं ट्यूनिंग गेलंय.’ मग कोणीतरी बारीक स्क्रू ड्रायव्हर काढतो, कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा आवळतो, इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावतो आणि वर आश्वासन देतो, ‘आता अ‍ॅव्हरेजपण वाढेल.’ हा समज इतका पक्का बसलाय की गाडी चढावर उठत नसली तरी स्क्रू, हायवेवर मिसिंग मारत असली तरी स्क्रू आणि सकाळी किक मारून पाय दुखला तरी स्क्रूच. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण या प्रकाराला तंतोतंत लागू पडते.

तो स्क्रू नेमकं काय करतो, हे एकदा नीट समजून घेऊ. बुलेटवरचा मिकार्ब आणि आरएक्सवरचा मिकुनी हे दोन्ही व्हीएम जातीचे, म्हणजे गोल स्लाइडचे कार्बोरेटर. त्यांत पेट्रोल इंजिनाकडे जायचे मार्ग अनेक आहेत आणि मूठ किती पिळली आहे त्यावर कोणता मार्ग राज्य करतो ते ठरतं. मूठ बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि हा एअर स्क्रू. तिथून पाव मुठीपर्यंत आणि थोडं पुढेही स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका काप. पाव ते पाऊण मुठीत स्लाइडला लटकणारी निमुळती सुई आणि ती ज्या नळीत वरखाली होते ती नीडल जेट. पाऊण मुठीच्या पुढे मेन जेट. एका मार्गाचा अंमल दुसऱ्यात थोडा मिसळतो, पण मिकुनीच्या ट्यूनिंग पुस्तिकेतला तक्ता पाहिला तर पाव मुठीनंतर एअर स्क्रूचा प्रभाव नगण्य होतो, हे स्पष्ट दिसतं. खंबाटकी घाटात तुम्ही पाऊण मूठ पिळून चढत असाल, तर त्या वेळी तो स्क्रू कुठे आहे याच्याशी इंजिनाला जवळपास काहीच देणंघेणं नसतं.

आता ‘आवळला की अ‍ॅव्हरेज वाढतं’ या विधानाकडे वळू, कारण ते नुसतं अपुरं नाही, उलटं आहे. व्हीएम कार्बोरेटरातला हा स्क्रू हवेचा रस्ता कमीजास्त करतो. आवळला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पेट्रोल वाचवायला निघालेला माणूस अशा रीतीने आयडलिंगला जास्त पेट्रोल पाजतो. आठवड्याभरात प्लग काळा पडतो, सिग्नलला गाडी बंद पडते आणि पुन्हा तोच स्क्रू ड्रायव्हर बाहेर येतो! गोंधळ वाढण्याचं कारण असं की नंतरच्या काही कार्बोरेटरांत याच जागी पेट्रोलचा स्क्रू असतो आणि तो आवळला की मिश्रण पातळ होतं. ओळखायची खूण सोपी आहे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा. शेजारचा दुसरा स्क्रू, जो स्लाइडला खालून टेकू देतो, तो फक्त आयडलिंगची रेस ठरवतो. मिश्रणाशी त्याचा संबंध नाही.

मग एअर स्क्रू फिरवूच नये का? जरूर फिरवावा, त्याच्या कामासाठी. इंजिन पूर्ण तापू द्या. स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा (जोर लावला तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात) आणि दीड फेरा बाहेर काढा. आता पाव-पाव फेरा आतबाहेर करून आयडलिंग सर्वांत उंच आणि सलग कुठे चालतं ते पाहा, मग टेकूचा स्क्रू सैल करून रेस खाली आणा. ही उत्तम जागा एका फेऱ्याच्याही आत सापडली, तर इंजिन पायलट जेटकडे जास्त पेट्रोल मागतंय: जेट तुंबलंय किंवा लहान आहे. दोन-अडीच फेऱ्यांच्या बाहेर गेली, तर जेट मोठं आहे. एवढी माहिती तो स्क्रू देतो आणि ती मोलाची आहे. मेन जेटचा दोष त्याच्याकडून सुधारून घेता येत नाही.

म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या आधी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा काढा. मुठीवर आणि तिच्या घरावर खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. गाडी चालवा आणि त्रास कोणत्या खुणेला होतो ते बघा. अर्ध्या मुठीला धाप लागत असेल तर सुईची क्लिप कोणत्या खाचेत आहे ते तपासा. क्लिप खालच्या खाचेत नेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. त्रास होत असताना चोक किंचित ओढला आणि गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडत होतं. आणखी बिघडली, तर आधीच जास्त होतं. दुसरी चाचणी कॉकची. कॉक बंद करून गाडी चालू ठेवली आणि बंद पडण्याच्या जरा आधी ती एकदम मोकळी पळाली, तर फ्लोटची पातळी वर चढलेली असण्याची शक्यता मोठी.

आणि एवढं करण्याच्याही आधी, दोष कार्बोरेटरचा आहे हे सिद्ध व्हायला हवं. अनुभवी जुने फिटर आधी ठिणगी पाहतात ते उगाच नाही. गाडी थंड असताना छान चालते, तापली की मिसिंग मारते आणि अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरळीत होते, तेव्हा पहिला संशय इग्निशन कॉइल आणि कंडेन्सरवर घ्यावा. जेटचं भोक तापल्यावर बदलत नाही. बुलेटच्या कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. ती घासून बंद होत आली की टायमिंग सरकतं आणि दोष जातो कार्बोरेटरच्या माथी. काही किलोमीटर गेल्यावर गाडी तहानल्यासारखी बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडून लावलं की चालू होते? झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. आयडलिंग कधी उंच, कधी खाली, मूठ सोडली तरी रेस उतरत नाही? कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर आहे, नाहीतर फ्लँज जास्त आवळून वाकला आहे आणि तिथून चोरटी हवा शिरते आहे. टू-स्ट्रोक गाडीत हीच चोरटी हवा क्रँकच्या मॅग्नेटोकडच्या जीर्ण सीलमधूनही येते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जाऊन पांढरा धूर निघतो. यातलं काहीही कोणत्याही स्क्रूने बरं होत नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये चोरट्या हवेकडे दुर्लक्ष केलं तर शेवट पिस्टन जाम होण्यात होतो.

हल्ली दुसरा समज जोरात आहे: ‘सगळं ई-२० पेट्रोलमुळे झालं.’ यात तथ्य आहे, पण सगळं नाही. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की आकडा साडेतेराच्या जवळ येतो. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरच्या मदतीने पेट्रोल वाढवून घेते. कार्बोरेटरला तशी सोय नाही, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होतं. पिकअप थोडा बसका वाटणं आणि इंजिन जास्त तापणं हे यातून येऊ शकतं, आणि त्यावर उपाय एक-दोन आकडे मोठं जेट आणि सुईची एक खाच हा आहे. अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आल्याची तक्रार मात्र ई-२० वर टाकता येणार नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींना तीन ते चार टक्के घट अपेक्षित धरली आहे. त्याहूनही जुन्या गाडीला थोडी जास्त धरा, तरी निम्मं होत नाही. खरी काळजी रबराची आणि टाकीची घ्यावी. जुन्या काळचे पाइप आणि वॉशर इथेनॉलने फुगतात, आणि पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत ते ओलावा धरून गंज चढवतं. गाडी महिनाभर चालणार नसेल तर कॉक बंद करून फ्लोटचं भांडं रिकामं करा.

किरकोळ समज झटपट उरकतो.

जेट तारेने किंवा सुईने साफ करायचं: कधीच नाही. भोकाचा व्यास पाच टक्के वाढला तरी क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा पुरते.

चोक ओढून मूठ पिळली की लवकर चालू होते: व्हीएममधला चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसून वेगळा पेट्रोल मार्ग आहे. मूठ उघडली की तिथलं शोषण कमी होतं आणि तो काम सोडतो. मूठ बंद ठेवून किक मारा.

प्लग पांढरट दिसला म्हणजे पेट्रोल कमीच: तो बिस्किटी रंगाचा नियम शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. ते २००० साली देशभर बंद झालं, आजचं पेट्रोल प्लग फिकाच ठेवतं. शिवाय दहा मिनिटं आयडलिंगला ठेवून पाहिलेला प्लग फक्त आयडलिंगचं सांगतो.

फिल्टर काढला की पिकअप वाढतो: हवा वाढते, जेट तेच राहतं, मिश्रण पातळ होतं आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

येझ्दीच्या टाकीत तेल जास्त टाकलं की इंजिन सुरक्षित: तेलाने पेट्रोलची जागा घेतली की त्याच जेटमधून तेवढं कमी पेट्रोल जातं. धूर वाढलेला दिसतो म्हणून मिश्रण दाट वाटतं, प्रत्यक्षात हवेच्या हिशोबाने ते पातळ झालेलं असतं. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच मोजून घाला, अंदाजाने ओतू नका.